सिग्नलचे सेकंद कोणाच्या वाट्याला?

सिग्नल हे वेळ वाटणारं यंत्र आहे. त्याच्याकडे तासाला ३,६०० सेकंद असतात, त्याहून एकही जास्त नाही. त्यातले किती कंटेनरला, किती एसटीला, किती रिक्षाला आणि किती पायी चालणाऱ्याला द्यायचे, हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. ते ठरवताना कोणाला मोजलं आणि कोणाला मोजलंच नाही, हा प्रश्न इंजिनिअरांचा वाटतो. पण वाटपाचा प्रश्न आला की समतेचा प्रश्न येतोच. म्हणून आमच्या मते हा विषय चळवळीतल्या तरुणांनी समजून घ्यायला हवा. गणित अवघड नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या कुणालाही ते जमेल.

डहाणू-तलासरीत हा प्रश्न आताच का?

मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ (पूर्वीचा ८) डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतून जातो आणि अच्छाडच्या पुढे गुजरातेत शिरतो. चारोटीला डहाणू-जव्हार रस्ता त्याला छेद देतो. एका बाजूला डहाणू शहर, समुद्रकिनारा आणि रेल्वे स्टेशन, दुसऱ्या बाजूला कासा, जव्हार आणि डोंगरातले पाडे. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा याच पट्ट्यात भरते. तलासरीतून रोज कामगार उंबरगाव, वापीकडे कामाला जातात. आश्रमशाळेची मुलं, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, बाजाराला निघालेले म्हातारे, सगळ्यांना हा रस्ता कधी ना कधी ओलांडावा लागतो.

४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर देशभर चर्चा झाली ती मुख्यतः मागच्या सीटवरच्या बेल्टची, आणि काही प्रमाणात पुलावर अरुंद होणाऱ्या रस्त्याची. दोन्ही चर्चा आवश्यक होत्या. पण दोन्ही गाडीत बसलेल्यांच्या होत्या. त्याच महामार्गाच्या कडेला उभं राहून पलीकडे जायची वाट बघणाऱ्याची चर्चा झाली नाही.

आता वाहतूक आणखी वाढणार आहे. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. पूर्ण क्षमतेने चालल्यावर तिथे वर्षाला २ कोटी ३२ लाख कंटेनर (२० फुटी मापाने) हाताळण्याची योजना आहे. बंदराविरुद्ध मच्छीमार आणि भूमिपुत्रांचा लढा चालू आहे, तो स्वतंत्र विषय आहे. पण रस्ते, चौक आणि सर्व्हिस रोड यांचे आराखडे आधी होतात आणि माणसं नंतर आठवतात, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. म्हणून बोलायची वेळ आराखड्याच्या आधीची आहे.

आधी एक स्पष्ट गोष्ट: सिग्नल सगळीकडे नको

अपघात झाला की गावातून पहिली मागणी येते, "इथे सिग्नल बसवा." ही मागणी नेहमीच बरोबर नसते. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने येणाऱ्या ट्रेलरसमोर अचानक लाल दिवा लावला तर मागून धडका बसतात. महामार्गाच्या मुख्य मार्गिकेवर माणूस पलीकडे नेण्याचा सुरक्षित उपाय म्हणजे भुयारी मार्ग किंवा उड्डाणपूल. तोही असा, की म्हाताऱ्या माणसाला चढता-उतरता येईल आणि रात्री बाईमाणसाला त्यातून जायची भीती वाटणार नाही.

सिग्नलची जागा वेगळी आहे. उड्डाणपुलाखाली स्थानिक रस्ता आणि सर्व्हिस रोड मिळतात तिथे, शहरातल्या मुख्य चौकात, स्टेशन, बाजार, रुग्णालय आणि शाळेजवळ, म्हणजे जिथे वाहनांचा वेग मुळात कमी आहे आणि माणसं जास्त आहेत तिथे. पुढचं सगळं विवेचन अशा चौकांबद्दल आहे.

फेरी, पाळी आणि वाया जाणारा वेळ

सिग्नलच्या वेळेत तीन गोष्टी असतात. एका बाजूचा हिरवा लागल्यापासून तोच हिरवा पुन्हा लागेपर्यंतचा काळ म्हणजे एक फेरी. त्या फेरीत प्रत्येक रस्त्याला मिळालेला हिरवा म्हणजे त्याची पाळी. आणि प्रत्येक पाळी बदलताना पिवळ्यात, सगळीकडच्या लालमध्ये आणि गाड्या सुटायच्या गडबडीत काही सेकंद वाया जातात. साधारण धरायचे तर पाळीमागे ५.

आता फेरी किती मोठी ठेवायची? लहान ठेवली तर पाळ्या वारंवार बदलतात आणि वाया जाणारा वेळ वाढतो. मोठी ठेवली तर लाल दिव्यासमोर सगळेच ताटकळतात. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतले एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ मध्ये यासाठी एक सूत्र दिलं. ते आजही वापरात आहे आणि आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसची सिग्नलविषयीची मार्गदर्शिका, आयआरसी ९३, हीसुद्धा त्याचाच आधार घेते. सूत्र असं: एका फेरीत वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करा, त्यात ५ मिळवा, आणि आलेल्या संख्येला १ वजा चौकावरचा एकूण भार याने भागा. भार म्हणजे येणारी वाहनं भागिले सलग हिरवा ठेवला तर जाऊ शकणारी वाहनं.

उदाहरणासाठी एक कल्पित चौक घेऊ. मुख्य रस्त्याचा भार ०.४५, गावाकडून येणाऱ्या रस्त्याचा ०.२०, एकूण ०.६५. दोन पाळ्या, म्हणून १० सेकंद वाया. १० ची दीडपट १५, अधिक ५ म्हणजे २०. त्याला ०.३५ ने भागलं की ५७ सेकंदांची फेरी येते. वाया जाणारे १० वगळून ४७ सेकंद उरले. ते भाराच्या प्रमाणात वाटले तर मुख्य रस्त्याला सुमारे ३२ आणि गावाच्या रस्त्याला सुमारे १५ सेकंद.

गणित चोख आहे. आता यात पायी माणूस शोधा.

ज्या हिशोबात माणूस शून्य आहे

वाहनं मोजताना सगळ्यांना मोटारीच्या मापात बसवतात. मोटार म्हणजे १. दुचाकी अर्धी ते पाऊण. बस किंवा ट्रक दोन-अडीच ते साडेतीन-पावणेचार. सायकलसुद्धा अर्धी मोटार म्हणून मोजली जाते. पायी चालणारा माणूस मात्र या कोष्टकात नाहीच. ५० प्रवासी घेऊन येणारी एसटी तीन मोटारींएवढी धरली जाते, म्हणजे एकेकटे बसलेले तीन मोटारवाले आणि बसमधले ५० जण हिशोबात सारखे.

हे मुद्दाम कुणी कट करून केलेलं नाही. रस्त्यावर किती जागा व्यापली जाते हे मोजायला ते माप बरोबर आहे. चूक तेव्हा होते, जेव्हा जागा मोजायचं माप माणसाचं मोल ठरवायला वापरलं जातं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणात आपण प्रत्येक माणसाचं मूल्य समान मानू, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारत राहू. चौकातल्या लाल-हिरव्या दिव्यात ही विसंगती रोज बघायला मिळते.

वरच्या चौकाकडे परत येऊ. मुख्य रस्ता १४ मीटर रुंद आहे असं धरू. पायी माणूस तो ओलांडतो गावाच्या रस्त्याला हिरवा असताना, म्हणजे त्याला १५ सेकंद मिळाले. नियमाप्रमाणे दिवा बदलल्याचं कळून पाऊल उचलायला ७ सेकंद आणि चालायला सेकंदाला १.२ मीटर वेग धरतात. १४ मीटरला सुमारे १२ सेकंद, अधिक ७, म्हणजे १९. धडधाकट माणसालाही ४ सेकंद कमी पडले. मांडीवरचं पोर घेतलेली बाई किंवा काठी टेकत चालणारा म्हातारा सेकंदाला ०.८ मीटर चालतो असं धरलं तर साडेसतरा अधिक ७, म्हणजे सुमारे २५ सेकंद लागतात. त्याच्या वाट्याला मात्र १५ आले. उरलेले १० सेकंद तो ट्रकसमोर असतो. मग आपण म्हणतो, "लोकांना शिस्त नाही."

दुरुस्तीचे दोन मार्ग

पहिला मार्ग: गावाच्या पाळीला २५ सेकंद द्या. प्रमाण राखायचं तर मुख्य रस्त्याला ५६ द्यावे लागतील. वाया जाणारे १० धरून फेरी ९१ सेकंदांची होईल. चालेल, पण सगळ्यांचं थांबणं वाढेल.

दुसरा मार्ग: दुभाजकात सुरक्षित थांबा करा. चांगला रुंद, कठडे असलेला, चढ-उतार नसलेला. मग माणूस रस्ता दोन टप्प्यांत ओलांडेल, एका वेळी ७ मीटर. हळू चालणाऱ्यालाही ९ अधिक ७, म्हणजे १६ सेकंद पुरतात. मुख्य रस्त्याला ३६, गावाला १६, वाया १०, एकूण फेरी ६२ सेकंद. वाहनांच्या दृष्टीने ही फेरी वेबस्टरच्या ५७ च्या अगदी जवळ आहे आणि म्हातारा माणूसही सुखरूप पोचतो. थोडं काँक्रीट आणि थोडा विचार, एवढाच याचा खर्च.

फेरी लहान ठेवण्याला आणखी एक कारण आहे. वाहतूक अभियांत्रिकीत असं मानतात की अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबावं लागलं की माणसं लालमध्येच ओलांडू लागतात. ६२ सेकंदांच्या फेरीत १६ सेकंद मिळाले तर पायी माणसाला सरासरी १७ सेकंद थांबावं लागतं. १८० सेकंदांच्या फेरीत २५ सेकंद दिले तरी सरासरी थांबणं ६७ सेकंदांवर जातं. म्हणजे लांबलचक फेरी ठेवणारी यंत्रणाच माणसाला नियम मोडायला लावते.

तिसरी सुधारणा तर जवळजवळ फुकट आहे. पायी माणसाचा हिरवा वाहनांच्या हिरव्याच्या ३ ते ५ सेकंद आधी लावायचा. वळणारी रिक्षा किंवा टेम्पो सुटेपर्यंत माणूस झेब्रा पट्ट्यांवर पुढे आलेला असतो आणि चालकाला दिसतो.

एका कृष्णवर्णीय संशोधकाची देणगी

सगळ्या बाजूंना एकदम थांबवून चौक मोकळा करायची कल्पना आज आपण गृहीत धरतो. तिच्यामागे गॅरेट मॉर्गन यांचं मोठं काम आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, गुलामगिरी भोगलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जेमतेम होतं. १९२३ मध्ये त्यांनी हाताने फिरवायच्या सिग्नलचं पेटंट घेतलं. त्यात 'थांबा' आणि 'जा' यांच्या मध्ये सगळ्यांनी थांबायची एक स्थिती होती, ज्यात चौक रिकामा व्हायचा आणि पायी माणसांना जाता यायचं. ज्या समाजाला रस्त्यावर बरोबरीने चालायची मुभा नव्हती, त्या समाजातल्या माणसाने चौकात पायी माणसासाठी वेळ राखून ठेवला. आपल्या मुलांना हे नाव माहीत असायला हवं.

एका चौकाकडून पूर्ण रस्त्याकडे

एकापाठोपाठ चार-पाच चौक असले की प्रत्येकाची वेळ स्वतंत्र ठरवून चालत नाही. एका चौकातून सुटलेला गाड्यांचा जथा पुढच्या चौकात पोचतो तेव्हा तिथे हिरवा हवा. यासाठी सगळ्या चौकांची फेरी सारखी ठेवतात आणि हिरवा लागायची वेळ अंतराप्रमाणे पुढे सरकवतात. दोन चौकांत ५०० मीटर अंतर असेल आणि ताशी ४० किलोमीटरचा वेग धरला तर दुसरा हिरवा ४५ सेकंदांनी लागला पाहिजे. ताशी ३० धरला तर ६० सेकंदांनी. याला हिरवी लाट म्हणतात. चौक साधारण ८०० मीटरच्या आत असतील तरच तिचा उपयोग होतो, त्यापुढे जथा विस्कटतो.

यात एक मोठी संधी आहे. लाट कोणत्या वेगाची ठेवायची हे आपण ठरवू शकतो. ती ३० ची ठेवली तर ६० ने पळणाऱ्याला प्रत्येक चौकात लाल मिळतो आणि ३० ने जाणाऱ्याला हिरवा. चालकाला चार दिवसांत कळतं की पळून फायदा नाही. शाळा आणि बाजाराच्या पट्ट्यात वेग कमी करायचा हा उत्तम उपाय आहे.

मुंबईत जागतिक बँकेचं साहाय्य असलेल्या एमयूटीपी प्रकल्पातून अनेक सिग्नल एका नियंत्रण कक्षाला जोडले गेले. पुण्यात स्मार्ट सिटी योजनेतून गर्दीप्रमाणे वेळ बदलणारे सिग्नल आले. तंत्र चांगलं आहे. पण सेन्सर वाहनांची रांग मोजतो. कडेला उभी माणसं मोजायला त्याला सांगितलं नसेल, तर हुशार सिग्नलही जुनाच भेदभाव जास्त वेगाने करेल.

वेळ वाढवण्याआधी चौकाचं तोंड मोकळं करा

चौकाच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या रिक्षा, इको आणि हातगाड्यांमुळे सात मीटरचा रस्ता साडेतीन मीटरचा होतो. मग तेवढ्याच हिरव्यात जवळजवळ निम्मीच वाहनं पार होतात. अशा वेळी हिरवा दुप्पट करण्यात अर्थ नाही. पण उपाय म्हणून रिक्षावाल्याला दंड आणि भाजीवालीला हाकलणं, हेही आम्हाला मान्य नाही. ती आपलीच माणसं आहेत. चौकापासून थोडं पुढे आखलेला रिक्षा स्टँड, चौक ओलांडल्यावर एसटीचा थांबा आणि विक्रेत्यांना ठरलेली जागा, ही मागणी सिग्नलच्या मागणीबरोबरच करायला हवी.

एकच वेळापत्रक वर्षभर चालत नाही, हेही लक्षात ठेवू. आठवडी बाजार, शाळा सुटायची वेळ, चैत्रातली महालक्ष्मीची यात्रा, १४ एप्रिलची मिरवणूक, या सगळ्यांसाठी वेगळी वेळ लावता येते. ६ डिसेंबरसाठी दादर परिसरात मुंबईचे वाहतूक पोलीस दरवर्षी आगाऊ आदेश काढून वाहनं वळवतात, कारण लाखो माणसं पायी येतात. म्हणजे पायी माणसाला आधी जागा देणं प्रशासनाला जमतं. त्यासाठी माणसं मोजली गेली पाहिजेत.

आपण काय करायचं?

आठ-दहा तरुणांचा गट पुरेसा आहे. रस्त्यावर न उतरता, कडेला सुरक्षित उभं राहून तीन वेळा नोंद करा: सकाळी कामाच्या वेळी, संध्याकाळी, आणि बाजाराच्या दिवशी.

१. सिग्नल असेल तर मोबाइलवरच्या घड्याळाने सलग दहा फेऱ्या मोजा. प्रत्येक बाजूचा हिरवा किती, ते लिहा.
२. हिरवा लागताना उभी असलेली शेवटची गाडी त्याच हिरव्यात पार झाली का? नसेल तर तशी नोंद करा.
३. १५ मिनिटांत किती माणसं पायी ओलांडली? त्यात मुलं, म्हातारे, ओझं घेतलेले किती? किती जण मध्येच अडकले?
४. वाहनांबरोबर त्यातली माणसंही अंदाजे मोजा. एसटीत किती, रिक्षात किती, मोटारीत किती.
५. रस्त्याची रुंदी पावलांनी नको, टेपने मोजून घ्या, तीही रहदारी नसताना.

सिग्नल नसेल तरी तिसरी, चौथी आणि पाचवी नोंद तितकीच कामाची आहे. मग या आकड्यांवर एका पानाचं निवेदन करा. राष्ट्रीय महामार्गाचा भाग असेल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, राज्य रस्ता असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, शहरातला असेल तर डहाणू नगरपरिषद किंवा तलासरी नगरपंचायत, आणि प्रत्येक वेळी एक प्रत पालघर पोलिसांच्या वाहतूक शाखेला आणि एक जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. सिग्नलच्या वेळा कोणत्या मोजणीवरून ठरवल्या, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. ग्रामसभेचा ठराव जोडला तर निवेदनाला वजन येतं.

कायदाही आपल्या बाजूने आहे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम १३८ (१ अ) आलं. त्यानुसार पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी सार्वजनिक रस्त्यांवर नियम करायचा अधिकार राज्य शासनाला मिळाला. त्याच दुरुस्तीतल्या कलम १९८ अ प्रमाणे, ठरलेले निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर रस्त्याची रचना, बांधकाम आणि देखभाल करणाऱ्यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

माणसाच्या वेळेचं मोल या भूमीला नवं नाही. आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी मे १९४५ मध्ये वारली शेतमजूर जमले आणि वेठ करणार नाही असं ठरवून उठले. फुकट घेतला जाणारा आपला दिवस त्यांनी परत मागितला. पुढच्याच वर्षी, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळताना बाबासाहेबांनी मांडलेल्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तेव्हा मागणी तासांची होती. चौकातली मागणी दहा सेकंदांची आहे, पण रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्यासाठी त्या दहा सेकंदांत जीव असतो. वही, पेन आणि एक घड्याळ घेऊन येत्या बाजाराच्या दिवशी सुरुवात करू या.

जय भीम!